पावातलं बटण

माणसाने उपाशीपोटी कुणाशी भांडू नये. भरल्या पोटी माणूस भांडतो आणि विसरून जातो. उपाशीपोटी तो प्रतिज्ञा करून बसतो. मी केली, आणि तीही बेकरीत, सकाळच्या रांगेतल्या सगळ्यांच्या देखत. "आजपासून तुमचा पाव आमच्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही! आम्ही घरी करू!" हे 'आम्ही घरी करू' माझ्या तोंडून कसं निघालं, ते मला अजून कळलेलं नाही. तोवर मी चहासुद्धा दुसऱ्या कुणाला पिता येईल असा कधी केला नव्हता.

भांडणाचं कारण होतं एक बटण. त्या दिवशी सकाळी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणला. मी कडेचा तुकडा मोडला (कडेचा तुकडा घरात माझा असतो, त्यावर चर्चा होत नाही) आणि दाताखाली काहीतरी टणक आलं. काढून बघतो तर बटण. तपकिरी, चार भोकांचं, चांगलं ठसठशीत.

दुसरा कुणी असता तर त्याने बटण ताटलीच्या कडेला ठेवलं असतं आणि पुढचा घास घेतला असता. पण मी विमा कंपनीत दावे तपासतो. गाडी भिंतीवर आदळली की भिंतच गाडीवर आली, हे ठरवण्यात माझी अर्धी हयात गेली आहे. मी उरलेला पाव खाल्ला, कारण भूक ही भूक असते, आणि मग ते बटण एका पाकिटात घातलं, पाकिटाला टाचणी मारली, वर 'पुरावा' असं लिहिलं आणि बूट चढवून निघालो. "अरे, जरा थांब, ऐक तर," असं नाना मागून म्हणत होते. म्हाताऱ्या माणसांना वाद नको असतो हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मी थांबलो नाही. मग तेही बिचारे मफलर गुंडाळत माझ्या मागोमाग आले.

बेकरीवाला म्हणजे नानांचा जुना स्नेही. बेकरी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण नानांना पाव घेऊन यायला चांगला तासभर लागायचा. दाराशी एक लाकडी स्टूल होतं, त्यावर ते बसायचे. बेकरीवाला गिऱ्हाइकं करता करता बोलायचा, नाना न बोलता बोलायचे, आणि दोघं मिळून जगाचा कारभार मार्गी लावायचे. आई गेल्यापासून नानांचा दिवस त्या स्टुलावरच सुरू व्हायचा. हे मला माहीत होतं. पण बटण हातात असताना माणसाला दुसरं काही आठवत नाही.

मी बटण काउंटरवर ठेवलं आणि बोलायचं ते बोललो. जरा जास्तच बोललो. बेकरीवाल्याने बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि उघडलेलं तोंड मिटून घेतलं. रांगेत कुणीतरी खाकरलं. आमच्या व्यवसायात समोरचा गप्प बसला की दावा अर्धा निकाली निघाला असं समजतात. मला चेव आला, आणि त्या भरात ती प्रतिज्ञा झाली.

घरी आल्यावर बायकोने एवढंच विचारलं, "अहो, त्या बटणाचा नीट तपास केलात ना?"

"तपास करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच विचारलं," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना उठले, तोंड धुतलं, मफलर घेतला, खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि दारापर्यंत गेले. तिथे क्षणभर थांबले. मग परत येऊन त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसून राहिले. पाव घ्यायचा नसताना नुसतं जाऊन बसणं त्यांना प्रशस्त वाटेना, आणि मुलाने चारचौघांत तमाशा केल्यावर जायचं तरी कुठल्या तोंडाने? मला वाईट वाटलं. मोठ्या मनाच्या माणसाने अशा वेळी काय करावं? मी ठरवलं की नानांना बेकरी आठवणारसुद्धा नाही असा पाव करायचा. त्यांची सकाळ मी मोडली होती, ती मीच भाजून परत देणार होतो.

आता पाव म्हणजे काय? पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट. दगडाधोंड्याच्या काळापासून माणूस तो करतो आहे, मग पदवीधर माणसाला का जमू नये? असा माझा हिशेब होता. यीस्ट कोमट पाण्यात घालावं असं पाकिटावर लिहिलं होतं. कोमटाने जर काम होत असेल तर उकळत्याने दुप्पट वेगाने होईल, या विचाराने मी ते उकळत्या पाण्यात घातलं. यीस्ट हा सजीव असतो हे मला नंतर कळलं, म्हणजे तो निर्जीव झाल्यावर.

त्या पिठाचा गोळा सकाळभर होता तसाच राहिला. तरीही मी तो भाजला. ओव्हनमधून जे बाहेर आलं त्याच्यावर सुरी टेकवली की सुरी घसरून बायकोच्या दिशेने जायची. शेवटी करवतीने काम झालं. नानांनी आपला तुकडा चहात बुडवला आणि वाट पाहिली. चहा संपला, तुकडा होता तसा.

"कसा आहे?" मी विचारलं.

"टिकाऊ आहे," नाना म्हणाले. ते कुणाचंही मन मोडत नाहीत. उरलेला पाव बायकोने बाल्कनीच्या दाराला अडसर म्हणून लावला. तो अजून तिथेच आहे आणि एकाही वाऱ्याला तो हललेला नाही.

आमच्या इमारतीत बातमीला जिना लागत नाही. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळी इमारत नुसतं 'बाई' म्हणते आणि त्यांच्यासमोर आपोआप सरळ उभी राहते. त्यांनी माझ्या पावाला टिचकी मारली, कान दिला आणि मान हलवली.

"तुम्ही सारखं झाकण उघडून बघत होता ना?" त्या म्हणाल्या. "फुगायचं पीठ आणि पहिलीतली मुलं, दोघांकडे टक लावून बसलं की काही करत नाहीत. ऊब द्यायची आणि पाठ फिरवायची."

ऊब! थंडीचे दिवस होते, आणि मी पीठ ठेवलं होतं खिडकीखालच्या गार ओट्यावर. मी घरभर हात लावून उबेची पाहणी केली. कपड्यांचं कपाट बरं होतं, पण बायकोने आपल्या चांगल्या साड्यांच्या मध्ये पिठाचं पातेलं ठेवायला ठाम नकार दिला. बायकोचं माहेर अशा बाबतीत जरा मागासलेलं आहे. शेवटी सिद्ध असं झालं की घरातली सगळ्यात उबदार जागा म्हणजे नानांची खुर्ची. सकाळचं ऊन थेट तिच्यावर येतं.

मी नानांना स्वयंपाकघरातल्या पाटावर बसवलं आणि त्यांच्या खुर्चीत पातेलं ठेवलं. पातेल्याला त्यांचीच शाल गुंडाळली. हे सगळं त्यांच्याचसाठी चाललेलं असल्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नाना पाटावर बसून आपल्या खुर्चीकडे बघत होते.

"अरे, मला जरा बोलायचं होतं," ते म्हणाले. "त्या बटणाचं—"

"नाना, आधी पीठ फुगू दे," मी म्हणालो. "बटणाचं मी बघतो."

बटणाचं मी खरोखरच बघत होतो. त्याच आठवड्यात अर्धी रजा टाकून मी अन्न तपासणीच्या कचेरीत गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने पाकीट उघडलं, बटण उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"बटण. पावात निघालं."

"म्हणजे भेसळ. प्राणिज, वनस्पतिज की खनिज?"

"बटण आहे हो ते."

"बटणाचा रकाना नाही. बरं, पाव कुठाय?"

"पाव... खाल्ला."

त्याने लेखणी खाली ठेवली. "साहेब, भेसळ झालेला पदार्थ तुम्ही खाल्लात. उरलं ते बटण. बटण तर शुद्ध आहे. मग आता भेसळ कशात झाली म्हणून लिहू?"

हाच प्रश्न मी स्वतः आजवर शेकडो लोकांना विचारला होता. फक्त त्या वेळी मी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो, आणि तिथून तो अतिशय वाजवी वाटायचा. तास-दीड तास हुज्जत घातल्यावर त्याने बटणाची नोंद 'इतर' मध्ये केली, पाकीट मलाच परत दिलं आणि वस्तू जपून ठेवा, निरीक्षक घरी येतील, असं सांगितलं. मी विजयी मुद्रेने घरी आलो. ते ऐकून नानांचा चेहरा उतरला.

"निरीक्षक? म्हणजे बेकरीवर जाणार का रे ते?"

"जाणारच. नियम म्हणजे नियम."

"अरे, मग माझं जरा—"

"नाना, दार लावा आधी. गार वारा येतोय, पीठ बसेल."

नानांनी दार लावलं. या दिवसांत त्यांना एक नवीनच सवय लागली होती. ओव्हन पेटलेला असायचा, मी घामाघूम, बायकोच्या हातात पंखा, आणि नाना मात्र मफलर छातीवर पसरून, दोन्ही हातांनी धरून बसलेले. मला वाटलं छातीत कफ झाला असेल. मी त्यांना वाफ घ्यायला लावली, काढा पाजला. त्यांनी मुकाट्याने सगळं घेतलं. बायको तेवढी पदर तोंडाला लावून आत निघून जायची. माणूस आजारी असताना हसणारी ही बाई मी कुठल्या मुहूर्तावर पत्करली, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

पाव हळूहळू सुधारत होता. म्हणजे दुसरा आतून कच्चा निघाला, तिसरा बाहेरून जळला, चौथा दोन्ही झाला, पण प्रत्येक वेळी काहीतरी नवीन चुकत होतं, आणि यालाच अनुभव म्हणतात. दरम्यान माझ्या मनाने घेतलं की पाव घरचा असेल तर त्यावर लोणी बाहेरचं लावणं हा ढोंगीपणा होय. झालं! साय साठवायला सुरुवात झाली. पाठोपाठ सफरचंदाचा जॅम आला. तो इतका आळला की त्यात रुतलेला चमचा आम्हाला बरणीसकट सोडून द्यावा लागला. बायको म्हणाली, एक चमचा गेला तर गेला, पण आता गव्हाची शेती तेवढी सुरू करू नका, बाल्कनी लहान आहे.

लोण्याच्या दिवशी एक छोटासा प्रसंग घडला. त्यात माझा दोष नव्हता. ओव्हनमध्ये पाव होता, गिझर चालू होता, आणि मी साय घुसळायला मिक्सर लावला. 'फट' असा आवाज झाला आणि सगळी इमारत गप्प झाली. नेमके त्याच वेळी आमच्या इमारतीचे सेक्रेटरी लिफ्टमधून वर येत होते. त्यांच्या हातात माझ्याच नावाची नोटीस होती: आपल्या घरातून आंबूस वास येत असल्याच्या तोंडी तक्रारी आहेत, तरी खुलासा करावा. ते दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. वीज परत येईपर्यंत वर बाई त्यांना धीर देत जाळीपाशी उभ्या होत्या, आणि खाली मी बरणी हाताने हलवत उभा होतो, कारण लोणी अर्ध्यावर आलेलं होतं आणि अशा वेळी थांबून चालत नाही. लिफ्टमधूनच त्यांनी नोटीस जाळीतून बाहेर सरकवली. मी एका हाताने पोच लिहून दिली. नोटिशीतला 'आंबूस' हा शब्द मला फार लागला. त्यांनी सौम्य काहीतरी लिहायला हवं होतं.

लोणी मात्र आलं. आणि त्यानंतर माझ्या एका रजेच्या सकाळी पावही आला.

खरं सांगतो, ओव्हनचं दार उघडलं तेव्हा माझे डोळे भरून आले. गोल, फुगलेला, वरून खरपूस, आणि सुरी लावली तेव्हा कुरकुर वाजून आत मऊ. मी बाईंना बोलावलं. मोठ्या मनाने सेक्रेटरींनाही बोलावलं. ते जिन्याने आले. नानांची खुर्ची रिकामी केली, ऊन त्यांच्या पायावर येईल अशी सरकवली आणि पहिला तुकडा, कडेचा, माझा हक्काचा, लोणी लावून त्यांच्या हातात दिला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. नानांनी घास घेतला, सावकाश चावला, गिळला.

"उत्तम," ते म्हणाले. "अगदी तिथल्यासारखा."

आणि त्यांनी खुंटीवरच्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. पाव एवढा चांगला झाला होता, आणि नानांचा चेहरा पहिल्या टिकाऊ पावाच्या दिवशी होता त्याहून पडलेला होता. मला काही उमजेना. आता पाव जमला, म्हणजे ते पुन्हा कधीच त्या स्टुलावर बसणार नाहीत, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. तेवढ्यात बेल वाजली.

दारात निरीक्षक होते. हातात फाइल, काखेत छत्री, चेहऱ्यावर कसलीच घाई नाही. त्यांना बसायला दिलं. त्यांनी तक्रार वाचून दाखवली, माझीच आहे याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, "वस्तू द्या. ती ताब्यात घेतली की मी इथून सरळ बेकरीवर जाणार. निकाल येईपर्यंत बेकरीला टाळं."

"निकाल कधी येतो?" नानांनी विचारलं.

"येतो," निरीक्षक म्हणाले.

मी कपाटातून पाकीट काढलं, टाचणी काढली आणि बटण टेबलावर ठेवलं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो क्षण आला होता. आणि नाना खुर्चीतून उठले. त्यांनी मफलर गळ्यातून काढला, घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मग सरळ निरीक्षकांसमोर जाऊन उभे राहिले.

"टाळं लावू नका," ते म्हणाले. "बटण माझं आहे."

त्यांच्या स्वेटरवर वरून खालपर्यंत बटणं होती. तपकिरी, चार भोकांची, चांगली ठसठशीत. फक्त मधल्या जागी दोऱ्याचं एक टोक तेवढं लोंबत होतं.

निरीक्षकांनी बटण उचलून स्वेटरशेजारी धरलं. मग माझ्याकडे वळले. "आपण काय करता?"

"विमा... दावे तपासतो."

"अच्छा. भट्टीतून निघालेलं प्लॅस्टिकचं बटण असं नवंकोरं राहत नाही, हे आपल्या लक्षात आलं नाही का?"

नाही आलं. दुसऱ्या कुणी असा दावा माझ्या टेबलावर आणला असता तर चहा यायच्या आत मी तो फेटाळला असता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. कळसा माझ्याच वडिलांच्या छातीवर होता आणि मी कचेऱ्यांना वळसे घालत होतो.

"पण नाना, तुमचं बटण पावात गेलं कसं?"

नाना अवघडले. "अरे, पाव भट्टीतून निघतो तेव्हा गरम असतो. पिशवीत घातला तर घरी येईपर्यंत थंडीने गार होतो. म्हणून मी तो मफलरखाली छातीशी दाबून आणतो. बटण सैल झालेलं होतं, फटीत रुतलं असणार." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "तुला लहानपणापासून गार पाव घशाखाली उतरत नाही ना."

'पुरावा' लिहिलेलं रिकामं पाकीट मी मुठीत चुरगळलं.

"मग तेव्हाच सांगायचं होतं की हो, नाना!"

"सांगत होतो की. तू म्हणालास पीठ फुगू दे. मग म्हणालास दार लावा."

"बेकरीत तरी सांगायचं."

"तिथे कसं सांगणार? तू चारचौघांत एवढ्या मोठ्याने बोलून बसलेला. मी तोंड उघडलं असतं तर तुझं हसं झालं असतं रे."

म्हणजे माझं हसं होऊ नये म्हणून हा माणूस आपलं स्टूल सोडून, आपली खुर्ची सोडून, पाटावर बसून, मफलरने छाती झाकून माझे काढे पीत होता. मला गलबलून आलं. आता ही गोष्ट निदान या चार भिंतींच्या बाहेर जाऊ नये, म्हणून मी बाईंकडे आणि सेक्रेटरींकडे आर्जवाने पाहिलं.

"मी तेव्हा रांगेतच होते," बाई म्हणाल्या. "खाकरले ती मीच."

"मला बाईंनी सांगितलं," सेक्रेटरी म्हणाले. "लिफ्टमध्ये अडकलो होतो तेव्हा. वेळ जावा म्हणून. तुमचं लक्ष बरणीत होतं."

मी बायकोकडे वळलो. ती शिवणाचा डबा घेऊन उभी होती. सुईत तपकिरी दोरा ओवलेला होता. "स्वेटर धुवायला काढला तेव्हाच कळलं मला. दोरा कधीचा आणून ठेवलाय. बटणच तेवढं तुम्ही कपाटात टाचून ठेवलं होतंत."

दिव्याखाली अंधार असतो हे मान्य. पण इथे सगळी आळी उजेडात होती आणि मी एकटाच तेवढा दिव्याखाली बसलेला होतो.

मी निरीक्षकांना तक्रार मागे घेतो म्हणून सांगितलं. ते म्हणाले, तक्रार मागे घेता येत नाही, फक्त निकाली काढता येते. मग त्यांनी फाइल उघडून लिहिलं: 'वस्तू मूळ मालकास परत.' माझी सही घेतली, नानांची घेतली, साक्षीदार म्हणून सेक्रेटरींची घेतली, ती त्यांनी फार आनंदाने केली. सगळं आटोपल्यावर त्यांची नजर टेबलावरच्या पावावर गेली.

"हा कुणी केला? आणि इतक्या लोकांना वाटताय, परवाना आहे?"

बायकोने काही न बोलता एक तुकडा लोणी लावून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो खाल्ला. दुसरा मागून घेतला. "खाल्लेल्या पदार्थावर कारवाई करता येत नाही," असं म्हणून त्यांनी मिशा पुसल्या, छत्री उचलली आणि गेले.

बायकोने बटण शिवलं, स्वेटर नानांच्या अंगावर असतानाच. दोरा दाताने तोडला. मी खुंटीवरची पिशवी काढली आणि नानांच्या हातात दिली. उरलेला अर्धा पाव मी कागदात गुंडाळला.

"चला," मी म्हणालो.

"कुठे रे?"

"पाव आणायला."

त्या दिवशी हाकेचं ते अंतर मला बरंच लांब वाटलं. बेकरीत रांग होती. ती आम्हाला बघून अशी काही शिस्तीत समोर बघू लागली की बाईंच्या शाळेतसुद्धा कुणी बघितलं नसेल. स्टूल दाराशीच होतं, पुसलेलं. बेकरीवाल्याने नानांकडे पाहिलं, मग स्वेटरकडे, मधल्या बटणाकडे.

"आलात? बसा," तो म्हणाला. "चहा सांगतो."

एवढंच. नाना बसले. त्यांनी पाय जरा लांब केले आणि सुस्कारा सोडला. मी रांगेत उभा राहिलो, आणि माझा नंबर आला तेव्हा घसा साफ केला. मोठ्याने भांडलो होतो, तर माफीही मोठ्यानेच मागायला हवी होती. मी मागितली. शेवटच्या माणसापर्यंत पोहोचली असावी.

"तुम्हाला तर तेव्हाच ठाऊक होतं," मी म्हणालो. "मग गप्प का बसलात?"

"तुमच्या पाठीमागे उभं राहून नानांनी हात जोडले होते," बेकरीवाला म्हणाला. "त्यांनी आजपर्यंत माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं."

मी मान खाली घातली आणि कागदातला पाव त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उलटा करून वाजवला, तुकडा तोडून तोंडात टाकला, बराच वेळ चघळला. रांग वाट बघत होती.

"बरा आहे," तो म्हणाला. "मीठ कमी पडलंय."

मीठ कमी नव्हतं. हे मी इथे स्पष्ट नमूद करून ठेवतो. पण त्या वेळी मी ते मान्य केलं, आणि एक पाव मागितला. भट्टीतून नुकताच काढलेला होता. हातात धरवत नव्हता.

"तू हो पुढे," नाना स्टुलावरून म्हणाले. "मला वेळ लागेल. आणि गार होऊ देऊ नकोस."

बाहेर वारा बोचरा होता. मी कोट उघडला, पाव आत छातीशी धरला आणि दोन्ही हातांनी दाबून चालू लागलो. ऊब शर्टातून आत उतरत होती. मागे नाना कशाला तरी हसल्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांत तो ऐकला नव्हता. मी वळून पाहिलं नाही, चालत राहिलो.

दार बायकोने उघडलं. मी पाव काढून तिच्या हातात ठेवणार, तर तिने मला तिथेच थांबवलं आणि माझ्या शर्टाकडे बोट दाखवलं.

"आधी बटणं बघू द्या," ती म्हणाली.

सगळी जागच्या जागी होती. पाव अजून गरम होता.